वाणातला डबा

कुणाच्याही घरात शिरला की अविनाश धुरी आधी टीव्ही बघायचा, माणसं नंतर. चपला दाराबाहेर काढायचा, अगदी नीट, जोडीला जोड लावून. घरात कुणी म्हातारं असलं तर पाया पडायला वाकायचा. हात जेमतेम त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचायचा, पण तेवढ्या वाकण्यात त्याची नजर टीव्हीच्या मागे जाऊन आलेली असायची. प्लग कुठे आहे, केबलची वायर कुठून आलीय, खाली फळी आहे की टेबल. मग तो घरातल्या कर्त्या माणसाच्या खुर्चीत बसायचा. ती कुठली, हे त्याला न सांगता कळायचं. बसला की म्हणायचा, "मावशी, हॉल एकदम झकास ठेवलाय हां!" हॉल म्हणजे एकच खोली, तिच्यातच कपाट आणि तिच्यातच रात्रीच्या गाद्यांची चळत. पण धुरीने कौतुक केलं की बायका लगेच नसलेली धूळ पुसायला लागायच्या.

मला हा माणूस कधी आवडला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बाई म्हणणार, 'पण मनाने फार चांगला होता हो,' अशी कुणी वाट बघत बसायला नको. नव्हता चांगला. आणि मला त्याचा रागही येत नाही. राग येतो आणि उतरतो. मला त्याची किळस येते, आणि किळस काही उतरत नाही. अजून कुणाच्या घरी टीव्हीखाली तो निळा दिवा लुकलुकताना दिसला की समोर आलेला चहा मला गोड लागत नाही.

ओळख झाली ती त्याच्या बहिणीमुळे. चारकोपच्या सेक्टरमधल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर माझं दार आणि सुलभाताई गावकरांचं दार समोरासमोर. ताई मालवणकडच्या, वडील गिरणीत होते, आई लवकर गेली. धाकट्या अवीला ताईंनीच वाढवला, त्याला हाताशी धरूनच त्या लग्न होऊन इकडे आल्या म्हणा ना. गावकरभावोजी अबोल माणूस. घर, सोसायटी, नातेवाईक सगळं ताईंच्या अंगावर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीत खिळ्यांची एक रांग होती. गावी जाणारं प्रत्येक कुटुंब घराची चावी तिथे अडकवून जायचं. झाडांना पाणी घालणं, सिलिंडर आला तर घेणं, एवढंच नाही, तर कपाटातला कागद काढून मोबाईलवर त्याचा फोटो पाठवणं हेसुद्धा ताईंकडेच. गावाहून परत आलेली माणसंही चावी न्यायची नाहीत. राहू दे म्हणायची, तुमच्याकडे असलेली बरी.

मला नोकरी हवी होती तेव्हा ताईंनीच शब्द टाकला. अवी मालाडला एका कंपनीत मोठ्या जागेवर होता आणि कंपनीला मराठी लिहिणारं माणूस हवं होतं.

कंपनी डबा विकायची. पाव किलो पेढ्यांच्या बॉक्सएवढी काळी वस्तू. टीव्हीला जोडायची, घरातलं वायफाय द्यायचं, की सिरियली, सिनेमे, भजनं सगळं एका जागी. सोबत खेळायला वेगळा रिमोट. गाड्या पळवा, फुगे फोडा, कॅरम खेळा. परदेशी कंपन्यांची खेळाची यंत्रं असतात ना, त्यांच्या नुसत्या रिमोटच्या किमतीत आमचा अख्खा डबा यायचा. इंजिनियर पोरांनी त्याला एक इंग्रजी नाव दिलं होतं. अवीने ते काढून 'गंमत' ठेवलं. डब्यावर काय उमटेल, रिमोटवर काय लिहायचं, पडद्यावर कुठली वाक्यं येतील, ते मराठीत लिहायचं हे माझं काम.

पहिल्याच मीटिंगमध्ये निखिल नावाच्या इंजिनियरने विचारलं, "सर, एवढ्या स्वस्तात द्यायचा तर परवडणार कसा? आतला मालच याच्याहून महाग पडतोय."

अवी खुर्चीत मागे रेलला. खिशातून बडीशेपेची डबी काढली. ही त्याची सवय. डबीतली बडीशेप आधी स्वतःच्या तळव्यावर घ्यायचा, तळवा नेहमी घामेजलेला, आणि त्या तळव्यावरूनच समोरच्याला द्यायचा. नाही म्हणायची सोय नसे. साहेबाच्या हाताला कोण नाही म्हणणार? निखिलने दोन दाणे उचलले.

"डबा विकायचाय कुणाला?" अवी म्हणाला. "आपल्याला हॉल पायजे. हे बघ, मोबाईल असतो एकट्याचा. नको झालं की माणूस टाकतो काढून. टीव्ही असतो घराचा. घरात गेलेली वस्तू परत येत नाय. सासूला वाटतं सुनेला पायजे, सुनेला वाटतं सासूला पायजे, नवऱ्याला वाटतं दोघींना पायजे. दर महिन्याला पैसे कापले जातात आणि सगळे गप्प. का? तर घरात वाद नको! आपण ह्या 'वाद नको'वर धंदा करायचा. डबा काय, फुकट दिला तरी चालेल."

आणि मग त्याचं आवडतं वाक्य, जे त्याने पुढे ऑफिसच्या भिंतीवर रंगवून घेतलं: माणूस आधी प्रेमाने घेतो, मग सवयीने देतो.

हुशार होता, यात वाद नाही. माणसाचं दुखणं कुठे आहे हे त्याला डॉक्टरच्या आधी कळायचं. फक्त डॉक्टर तिथे औषध लावतो, हा तिथे प्लग लावायचा. डब्याच्या पहिल्या पडद्यावरची जागा तो जाहिरातवाल्यांना भाड्याने द्यायचा. रिमोटवरची बटणं वेगवेगळ्या कंपन्यांना विकायचा. कुणी काय बघितलं, कितीदा बघितलं, कधी उठून गेलं, तेही विकायचा. शेवटी रिमोटवर बंद करायचं बटण तेवढं विकायचं राहिलं होतं. त्याने ते कोपऱ्यात ढकललं आणि तिळाएवढं केलं. तेही दाबलं तर डबा बंद व्हायचाच नाही, नुसता जाहिरातींच्या पडद्यावर यायचा. निळा दिवा चालूच.

माझं आणि त्याचं पहिल्यांदा वाजलं ते एका शब्दावरून. फुकटची मुदत संपली की पडद्यावर प्रश्न यायचा, पुढे चालू ठेवायचं का? खाली दोन चौकोन. एकात मी लिहिलं 'हो', दुसऱ्यात 'नको'.

"कर्णिकबाई, 'नको' काढा," अवी म्हणाला.

"मग ज्याला नकोय त्याने काय दाबायचं?"

"'आत्ता नको' लिहा. नको म्हटलं की दार बंद झालं ना. आत्ता नको म्हटलं की दार नुसतं लोटलेलं. उद्या परत विचारू, परवा परत विचारू. किती दिवस नाय म्हणेल? आणि 'हो' मोठं करा, हिरवं."

"अहो, पण एखाद्याला कायमचंच नको असेल तर?"

तो आवाज न करता हसायचा, नुसते खांदे हलायचे. तसे हलले. "असा माणूस मला दाखवा," म्हणाला, "मी त्याच्या पाया पडेन."

जेवायच्या सुट्टीत हा स्वतःचा डबा कधी आणायचा नाही. आमच्या टेबलाशी उभा राहायचा, कुणाचंही झाकण उचलायचा, "चव बघतो हां," म्हणून बोटांनी सुरमईची मधली तुकडी उचलायचा आणि बोटं ज्याचा डबा त्याच्याच रुमालाला पुसायचा. पोरं हसायची. साहेब किती साधा आहे, आपल्यातलाच आहे! मी डबा टेबलावर न उघडता जिन्यात जाऊन खायला लागले.

मीटिंगमध्ये पैसे लावणारी माणसं आली की तो लहानपणची एक गोष्ट सांगायचा. गिरणगावातली चाळ, आख्ख्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही. हा छोटा अवी त्या घराच्या उंबऱ्यावर बसून बघायचा. एकदा ऐन सिनेमात घरातल्या बाईने दार लावून घेतलं. तेव्हा बंद दाराकडे बघत त्याने ठरवलं, की एक दिवस गरिबाच्या प्रत्येक हॉलमध्ये सिनेमा पोचवीन. इथे तो थांबायचा, चष्मा काढायचा. सुटातली माणसं हलायची. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकली तेव्हा डोळे पुसले होते.

एका रविवारी ताईंकडे घावणे खाताना मी ही गोष्ट काढली. म्हटलं, अवींनी लहानपणी किती सोसलंय हो. ताईंनी उलथनं हातात धरूनच माझ्याकडे बघितलं.

"कसला उंबरठा? टीव्ही आमच्याच घरी होता," त्या म्हणाल्या. "बाबांनी ओव्हरटाइम करून घेतलेला. आख्खी चाळ आमच्याकडे यायची. आई सगळ्यांना पाणी द्यायची." मग हसू आवरत म्हणाल्या, "अवी दारात उभा राहायचा नि पोरांना म्हणायचा, शेंगदाणे दे, तर आत सोडतो. आईने धरून बदडला होता त्याला. मेलो लहानपणापासून वांड!"

ताईंना ते कौतुकाचं वाटत होतं. मी ताटली बाजूला सारली.

निखिलचे वडील गेले तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय अवी पुरा होत नाही. कांदिवलीला त्यांच्या घरी तेराव्याला आम्ही ऑफिसची चार माणसं गेलो होतो. अवी पांढऱ्या कपड्यांत. टीव्हीसमोर वेताची एक आरामखुर्ची होती. गर्दी असूनही तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, माणसं जमिनीवर बसली होती. अवी आला, फोटोला हात जोडले आणि सरळ त्या खुर्चीत बसला. दोघातिघांनी माना वर करून बघितलं. त्याला ते कळलं असेलच, त्याला सगळं कळायचं. निखिलच्या आईचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "काकू, आता संध्याकाळ अंगावर येईल तुमच्या." त्या रडायला लागल्या. मग याने पिशवीतून डबा काढला.

"कशाला हो?" काकू म्हणाल्या.

"प्रेमाने आणलाय. निखिल, लाव रे."

आणि निखिल उठला. त्यानेच बनवलेला डबा होता, आत काय काय आहे ते त्याला सगळ्यात जास्त माहीत होतं. पण तेराव्याच्या घरात साहेबाशी कोण वाद घालणार? त्याने वाकून वायर जोडली. कुणाच्या नावावर करायचा, असं पडद्याने विचारलं तेव्हा घरातलं वायफाय निखिलच्या वडिलांच्या नावावर होतं, तेच नाव अवीने घालून टाकलं.

महिन्याभराने निखिल माझ्या टेबलाशी आला. डबा सुरू केला की पडद्यावर अक्षरं उमटतात, 'नमस्कार, वसंतराव! आज काय बघू या?' ते वाक्य माझंच होतं, सगळ्या घरांसाठी लिहिलेलं. निखिल म्हणाला, "आई देवापाशी दिवा लावते आणि मग टीव्ही लावते. काही बघत नाही. ते नाव येतं, तेवढं बघते आणि बसून राहते. मला ते नाव काढायचंय आणि काढवतही नाही." अवी मागेच उभा होता. त्याने निखिलच्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल.

"काढू नकोस," अवी म्हणाला. "रोज उघडतात ना? मग झालं तर. ह्यालाच पकड म्हणतात. जुन्या माणसांसाठी असं काहीतरी करता येईल, नोंद करून ठेव."

त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. 

तरी इथपर्यंत सगळं परक्यांचं होतं. मग संक्रांत आली.

आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाची सुरुवात सुलभाताईंच्या घरापासून व्हायची. असा नियम कुणी केला नव्हता, पण त्यांच्या आधी कुणी बोलावणं करायचं नाही. त्यांचं वाणही विचार करून आणलेलं असायचं. कधी चहाची गाळणी, कधी स्टीलची वाटी, कधी पिठाची छोटी चाळणी. वर्षभर हातात येईल अशी वस्तू. माझ्या स्वयंपाकघरातली निम्मी भांडी ताईंच्या वाणातली आहेत.

त्या वर्षी अवी संक्रांतीच्या आधी आला. मी ताईंकडेच तिळाचे लाडू वळत होते.

"ताई, यंदा वाण माझ्याकडून," तो म्हणाला.

"काय हाडलंस रे?" ताईंनी हात पुसत विचारलं.

आणलेलं खाली टेम्पोत होतं. डब्यांची खोकी वर आली आणि गाद्यांच्या चळतीशेजारी रचली गेली. प्रत्येक खोक्याला हळदीकुंकवाची बोटं लावून आणलेली होती, ऑफिसातल्याच कुठल्यातरी पोराने. ताईंचे डोळे भरून आले. आईविना वाढवलेला भाऊ, आज सगळ्या सोसायटीसमोर बहिणीचं वाण भरतोय! मी म्हटलं, "ताई, हे वाणात नको. ह्याला पुढे पैसे लागतात."

"वर्षभर काय लागत नाय," अवी माझ्याकडे न बघता म्हणाला. "आणि नको असेल तिने बंद करावं. ताई, तू सांगशील ना बायकांना? तुझ्या शब्दावर चालतं इथे सगळं."

ताईंनी मला हळूच चिमटा काढला. तुमचं ऑफिसचं भांडण माझ्या घरात नको, असा त्याचा अर्थ. मी पुढचा लाडू वळायला घेतला.

हळदीकुंकू ऐन रंगात होतं. बायका येत होत्या, ताई कुंकू लावत होत्या, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, आणि मग ओटीत वाण. वाण नाकारत नाहीत. कुणी काही दिलं तरी पदर पुढे करायचा, कपाळाला लावायचं आणि घरी न्यायचं. अवीने नेमका हाच दिवस निवडला तो त्यासाठीच. दाराशी त्याने ऑफिसातली एक मुलगी नऊवारी नेसवून बसवली होती. वाण घेऊन निघालेल्या बाईकडून ती मोबाईल नंबर घ्यायची, मग मोबाईलवर आलेला ओटीपी विचारायची, मग नावाला एक रुपया कापून बँकेतून दर महिन्याला आपोआप पैसे जायची परवानगी चालू करून घ्यायची. शिंदेवहिनी बावरल्या. "ओटीपी कुणाला सांगू नये म्हणतात ना?" त्यांनी ताईंना विचारलं.

"सांग गं," ताई म्हणाल्या. "माझ्या भावाचं आहे. काय भिऊ नकोस."

अवी जिन्यात उभा राहून बडीशेप खात होता. मी बाहेर आले तेव्हा म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड बोला आणि ओटीपी सांगा! कसं आहे? पुढच्या वर्षी सगळ्या उपनगरांत करू. बाई बाईला देते, शब्द बाईचा, आपला कुठे संबंधच नाय." त्याचे खांदे हलत होते. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्याने तोही मोबाईलमध्ये बघता बघता घेतला.

वर्षभर कसलं, दिवाळीच्या आधीच पैसे कापायला सुरुवात झाली. अटींमध्ये कुठेतरी लिहिलेलं होतं म्हणे. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. अवी म्हणाला होता तसंच झालं, प्रत्येक घरात प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने काहीतरी घेतलंय. शिंदेवहिनींच्या घरी तर त्यावरून नवराबायकोत आठवडाभर अबोला होता, सासूने सुनेवर तोंड टाकलं होतं. मग खात्यावरचा कागद काढला तेव्हा डब्याचं नाव सापडलं. शिंदेवहिनी ताईंकडे आल्या, मग दुसरी, मग तिसरी. सिरियल अर्ध्यात थांबते आणि पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या जाहिराती लागतात. बंद करायला गेलं तर 'आत्ता नको' एवढंच येतं. हेल्पलाइनवर गाणं वाजत राहतं.

ताईंनी भावाला फोन लावला. माझं दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"त्यो सगळ्यो माका इचारतत रे. मी काय सांगू?" मग बराच वेळ ताई नुसत्या 'हां, हां' करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "प्रेमाने म्हणजे कसा सांगू, अवी?"

फोन ठेवून त्या बाहेर आल्या आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "माझो भाव तसो नाय. कंपनीचे लोक करत असतील, त्याला माहीत नसेल." बायकांनाही त्या हेच सांगत राहिल्या. मी तेव्हा ताईंना गदागदा हलवायला हवं होतं असं अजून वाटतं, पण स्वतःच्या हाताने भरवलेल्या पोराबद्दल कुणी काही सांगून ऐकतं का?

भांडण कुणी केलं नाही. आमची सोसायटी तशी सभ्य. फक्त दिवाळीत गावी जायच्या आधी शिंदेवहिनी आल्या, दोन गोष्टी बोलल्या, निघताना खिळ्यावरची आपली चावी काढून घेतली. म्हणाल्या, "दीर येऊन राहणारेत, त्यांना लागेल." दीर कुणी आले नाहीत. मग वरच्या मजल्यावरच्या आल्या, त्यांना डुप्लिकेट करायची होती. असं करत करत एकेक चावी गेली. शेवटी माझी तेवढी उरली. ताई रोज स्वयंपाक करायच्या तो त्या मोकळ्या खिळ्यांकडे पाठ करून.

आणि पुन्हा संक्रांत आली. या वेळी पहिलं बोलावणं ताईंकडून नव्हतं. शिंदेवहिनींनी केलं.

ताई साडी नेसून, हळदीकुंकवाची कुयरी घेऊन तयार. म्हणाल्या, "चल गं." आम्ही दोघी खाली गेलो. शिंदेवहिनींनी ताईंना आत बसवलं, कुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. सगळं रीतीने. मला स्टीलचा डाव दिला. आणि ताईंच्या ओटीत त्यांनी तो काळा डबा ठेवला, वायर गुंडाळून, रिमोटसकट पुन्हा त्याच खोक्यात घातलेला, वर हळदीकुंकवाची बोटं. खोलीतल्या बाकीच्या बायका आपापल्या ओटीतला डाव बघत बसल्या.

वाण नाकारत नाहीत. ताईंनी पदर धरला, डबा कपाळाला लावला आणि "येते हां," म्हणून उठल्या. जिन्यात एक पायरी चुकल्या, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुसरं बोलावणं. मी म्हटलं, "ताई, बरं वाटत नाही म्हणून सांगा. आता जाऊ नका."

"बोलावणं आलं की जायचं असतं," त्या म्हणाल्या.

रथसप्तमीपर्यंत ताई प्रत्येक घरी गेल्या. रोज साडी बदलली, रोज गजरा माळला आणि रोज एक डबा घेऊन आल्या. कुणी चकार शब्द वावगा बोललं नाही, आणि तेच मला बघवेना. शिवी दिली असती तर ताईंना उलट बोलता आलं असतं. मला त्या बायकांचाही राग आला, पण त्यांनी दुसरं काय करायचं होतं तेही मला सांगता येणार नाही. शब्द ताईंनी दिला होता, तो त्यांनी ताईंकडेच पोचता केला. गाद्यांच्या चळतीशेजारी पुन्हा तशीच चळत उभी राहिली. स्वतःकडचं हळदीकुंकू ताईंनी केलं नाही. वाण काय द्यायचं ते सुचत नाही म्हणाल्या.

अवी आला तो रथसप्तमी झाल्यावर. कुणी बोलावलं होतं कोण जाणे, त्याला वास लागायचा. चपला जोडीला जोड लावून काढल्या, आत आला, भावोजींच्या खुर्चीत बसला आणि सवयीने टीव्हीकडे बघता बघता त्याची नजर त्या चळतीवर गेली. मी तिथेच मोड आलेले मूग निवडत होते. मला वाटलं, आता याचा चेहरा पडेल. बहिणीकडे बघेल, निदान भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे तरी बघेल. लहानपणापासून या घरात वावरलेला माणूस.

"अरे वा!" अवी म्हणाला. "माल सगळा परत आला की. चांगल्या कंडिशनमध्ये आहे गं!" उठून त्याने एकेक खोकं हलवून बघितलं. "पुसून घेतले तर नवे दिसतील. तिकडे विरारच्या पुढे नवीन बिल्डिंगी झाल्यात, तिथे चैत्रातल्या हळदीकुंकवाला लावून देतो."

ताई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत अवीकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. लहानपणापासून सांभाळलेलं हे पोर कोणाचं आहे, असा विचार करत असल्यासारख्या.

"चहा टाक ना, ताई," तो म्हणाला.

"दूध संपलंय," ताई म्हणाल्या. अवीशी नेहमी बोलायच्या ती मालवणी नाही, सरळ मराठीत. दूध फ्रिजमध्ये होतं, मीच सकाळी आणून ठेवलं होतं.

त्याने खाली जाऊन रिक्षा बोलावली. खोकी तीन-तीन करत स्वतःच उतरवली, मदतीला कुणाला हाक मारली नाही आणि कुणी आलंही नाही. मी आणि ताई गॅलरीत उभ्या होतो. आमच्याच नाही, सगळ्याच गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या, वाळत घातलेले कपडे चाचपत. अवीने रिक्षाच्या मागच्या सीटवर डबे नीट रचले, एकेक उघडून बघितला, आणि मग कपाळाला आठ्या घालून वर बघितलं.

"ताई गं!" तो सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा ओरडला. "एकाचा रिमोट कमी आहे!"

ताई आत गेल्या. त्यांच्या टीव्हीखाली एक डबा अजून चालू होता, त्यांचा स्वतःचा, पहिल्या दिवशी अवीने हाताने लावून दिलेला. ताईंनी तो ओढून काढला, वायरीसकट. निळा दिवा विझला. मग रिमोट घेऊन त्या गॅलरीत आल्या आणि तो डबा, ती वायर, तो रिमोट असं सगळं जुन्या पिशवीत घालून त्यांनी पिशवी खाली सोडली.

अवीने ती अलगद झेलली. रिमोट काढला, मागचं झाकण उघडून सेल आहेत का ते बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"थँक्यू गं ताई!" तो वर बघून म्हणाला. "भाऊबीजेला येतो हां!"

ताई आत गेल्या होत्या. बाहेरच्या दाराची कडी लागलेली मला ऐकू आली. दिवसाढवळ्या ताईंच्या घराला आतून कडी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. खाली त्याने तळव्यावर बडीशेप ओतली, रिक्षावाल्यापुढे धरली आणि म्हणाला, "घे रे, चल आता मालाडला."